पंचवीस अध्यायांचा पुसट हात

३ मे
गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो: ही माझ्या काँप्युटरच्या गरम वाऱ्यावर कुरडया वाळवते. वर म्हणते, "तेवढं तरी करतंय तुमचं यंत्र." त्र्यंबकच्या गुरुजींचं वेदसंहितेचं पठण, चाळीस अध्याय, चार महिने खपून कॅमेऱ्यात घेतलं. पाठशाळेला पाठवायचं तर व्हिडिओच्या फाइली दाबून लहान करायला हव्यात. एका अध्यायाला अख्खा दिवस. आज टक्केवारीची पट्टी ६१ वर समाधिस्थ.

५ मे
संजू (हिचा भाऊ, सातपूरला मशीनची डिझाइनं करतो) ग्राफिक्स कार्ड बसवून गेला. "दाजी, तुमचा प्रोसेसर म्हणजे एकटा भटजी गावभर लग्नं लावतोय. हे कार्ड चित्राचे तुकडे शेकडो जणांना एकदम वाटून देतं." मी निवडलं: सगळ्यात जलद, सगळ्यात लहान फाइल. अध्याय सात मिनिटांत!

८ मे
पंचवीस झाले. प्रत्येक नीट तपासला. डोळे मिटून, पाठ ऐकतात तसा. एक स्वर ढळलेला नाही. डिस्क भरलेली, म्हणून त्या पंचवीसांच्या मूळ फाइली पुसल्या.

११ मे
पाठशाळेतल्या शिक्षकांचा फोन. "शास्त्रीबुवा, गुरुजींचा हात कुठाय? नुसता धूर दिसतो." पाहिलं. आमच्या वेदशाखेत पाठ म्हणताना स्वर हाताने दाखवतात. पोरं हात बघूनच शिकतात. भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट, धोतराची किनार स्पष्ट, हात मात्र...
संजू: "जे भराभर हलतं ते आधी पुसटतं. कार्डाला कशाला शिव्या? क्वालिटी तुम्हीच तळाला नेली. पुसण्याआधी बघायचं तरी!"
बघायचं! तीस वर्षं डोळे मिटून पाठ ऐकणाऱ्याला सांगतोय. मूळ फाइली परत मिळत नाहीत. त्या जागेवर दुसरं लिहिलं गेलंय.

१४ मे
त्र्यंबकला जाऊन कबूल केलं. गुरुजी हसले. "कान उघडे होते ना रे? बस. पहिल्यापासून म्हणू." उजवा हात छातीपर्यंत आला, थांबला. "खांदा धरलाय." मग डाव्या हाताने उजवा उचलून धरला. दोन मंत्र. मी कॅमेरा बंद केला.
"का रे?"
"बॅटरी गेली."

१५ मे
बॅटरी भरलेली होती. उरलेले पंधरा आता चांगल्या क्वालिटीत सावकाश लहान करतोय, त्यांत हात दिसतो. पंचवीसांचं काय करायचं, सुचत नाही. मला स्वतःला हातासकट अकराच येतात. यंत्रात आहेत म्हणून बाकीचे शिकायचे टाळत आलो. उद्यापासून समोर जाऊन बसलो तरी गुरुजींच्या हाताला तेवढे दिवस आहेत का, याची भीती वाटते.