तिसरी 'ब'मधलं अहो-जाहो

तीर्थरूप दादा यांस,

धाकटीचा हात जोडून, ताठ उभं राहून आणि रांग न मोडता केलेला नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? (हे 'तुमचा' शाळेतल्या सवयीनं आलं. पुढच्या ओळीपासून नेहमीसारखं 'तू'.) जिना चढताना कुरकुरतो म्हणाला होतास, तर नोकरीच्या गावी तळमजल्यावरची खोली बघ, हट्ट करू नकोस. इथे वहिनी आणि तुझी टिल्ली मजेत आहेत. माझा घसाही बरा आहे. चौदा वर्षांत पहिल्यांदा बरा आहे, कारण मला आता वर्गात ओरडावं लागत नाही. ते का, हे तुला कळलंच पाहिजे, कारण शनिवारी पालकसभा आहे आणि माझा नियम राहणार की जाणार ते तिथे ठरणार आहे.

झालं असं की, यंदा मला तिसरी 'ब' मिळाली. त्रेचाळीस मुलं, त्यांत आपली टिल्लीही. पहिल्या आठवड्यात दोन पट्ट्या मोडल्या, एक दप्तर खिडकीतून खाली गेलं आणि एक दात पडला (दुधाचा होता, हलतच होता, पण आरडाओरडा अक्कलदाढ उपटल्यासारखा). भिंतीवर चौदा नियमांचा तक्ता होता. मुलं तो मोठ्यानं वाचायची, वाचन सुधारायचं, आणि वाचून झालं की एकमेकांच्या उरावर बसायची. मी तो तक्ता उतरवला आणि एकच नियम केला: सगळ्यांनी सगळ्यांना अहो-जाहो करायचं. माझा हिशेब साधा होता. 'ए गाढवा' म्हणायला क्षणही लागत नाही. 'अहो, तुम्ही गाढव आहात' म्हणायचं तर क्रियापद जुळवावं लागतं, आणि तेवढ्यात हात खाली येतो.

दादा, आला रे खाली! चौथ्या दिवशी वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. भांडणं होतात, नाही असं नाही, पण काय थाटाची! एक पैलवान दुसऱ्याला म्हणाला की तुम्ही बाहेर या, मी तुम्हाला बघून घेतो, आणि दुसऱ्यानं विचारलं, आपण कधी येऊ? समोरचा एक जण असताना 'तुम्ही माकड आहात' म्हणायचं की 'माकडं आहात', यावरून दोन बाकांत वाद पेटला आणि निवाड्यासाठी माझ्याकडे आला. मी फळ्यावर आदरार्थी बहुवचन शिकवून टाकलं. (अभ्यासक्रमात ते पुढे आहे. माझी मुलं पुढे आहेत.) नळावर तेवढी जरा पंचाईत झाली. आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही, असं करता करता मधली सुट्टी संपली आणि सगळे तहानलेले परत आले. मुलींची तर वेगळीच तऱ्हा. बाकावरच्या शेजाऱ्याबद्दल तक्रार करायची, आणि तीही आदरानं, म्हणजे 'बाई, हे मला चावले.' 'बाई, हे माझं ऐकतच नाहीत.' आमच्या शिपाईणबाई ते ऐकून पायरीवर बसल्या त्या बसल्याच, घंटा पाच मिनिटं उशिरा झाली.

मोठ्या बाई स्वतः दारात उभं राहून अर्धा तास ऐकत होत्या. रुमाल तोंडाला लावला होता. (सर्दी असावी.) दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिली ते चौथीच्या शिस्तीचं काम माझ्याकडे सोपवलं. मी! जिला तू लहानपणी वेंधळी म्हणायचास! माझी मान अशी ताठ झाली की लचकली.

मग नियम घरी गेला, आणि तिथे घोटाळा झाला. एकानं पाहुण्यांदेखत वडिलांना सांगितलं, अहो बाबा, तुम्ही साफ खोटं बोलताय. एकीनं भांडणाऱ्या आईबाबांना कोपऱ्यात उभं केलं. हे सगळं मला तरी प्रगतीचंच लक्षण वाटतं. पण आया रुसल्या. मूल आईला 'अहो आई, तुम्ही' म्हणायला लागलं तर म्हणे परकं झाल्यासारखं वाटतं. एकीला वाटलं, पोर आपल्यावर रागावलीय, म्हणून ती माउली दिवसभर जेवली नाही. मी म्हणते, इतकं हळवं होऊन कसं चालेल? शिस्त हवी आणि लाडही हवेत! आता नियम रद्द करा असा अर्ज आलाय, त्यावर एकतीस सह्या. नियम गेला तर शिस्तीचं कामही माझ्याकडून जाणार. पण मी डगमगायची नाही. शनिवारी पाऊण तास बोलणार आहे, मुद्दे काढून ठेवलेत.

गुडघ्याला जप.

तुझी धाकटी
(शिस्तप्रमुख, पहिली ते चौथी)

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच. अर्जावरची पहिली सही वहिनीची आहे. ठळक, खाली दोन रेघा मारून. माझ्याच घरची सही बघून मोठ्या बाई काय म्हणतील? तू फोन करून तिला ती मागे घ्यायला सांग.

आणखी एक. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून लिहिते. आज दुपारी टिल्ली आली. एरवी दारातूनच धावत येऊन अंगावर पडते, चष्मा वाकडा करते. आज चपला जोडीनं ठेवल्या, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो आत्या, तुम्हाला वेळ असेल तर मी तुमच्या मांडीवर बसू का?" दादा, मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले. तिला म्हटलं, अगं, मला तू म्हण. तर म्हणते, नको, तुम्ही रागवाल.

वहिनीला फोन करू नकोस. म्हणजे कर, पण सही राहू दे म्हणावं, आणि खाली आणखी एका सहीपुरती जागा आहे का, तेवढं विचार. कुणासाठी ते सांगू नकोस. शाळेत माझा दरारा आहे.