घरात काय दिसलं

सोमवार, ९ मार्च

प्लंबरने पाना माझ्या टेबलावर ठेवला. "बोला ताई, कुठे गळतंय?"

कुठेच नाही, म्हटलं. तुम्हालाच घ्यायचंय, आमच्या मानसिक आरोग्य पथकात.

तो हसला. मी हसत नाही हे पाहून थांबला.

समजावून सांगितलं. वस्तीत डॉक्टरबाई जातात, तर लोक म्हणतात आम्ही ठणठणीत. समुपदेशक जातो, तर दार अर्धंच उघडतं. (त्याला आम्ही मागे हं-हं म्हणतो. समोरचा काहीही सांगो, हा 'हं… हं.') नर्सची तीच गत. प्लंबर मात्र थेट न्हाणीघरापर्यंत जातो. नळ दुरुस्त करायचा आणि घरातली माणसं कशी आहेत ते पाहून यायचं — एवढंच.

"बघतो," म्हणाला. पाना उचलला. टेबलावर तेलाचा डाग राहिला. पुसायचाही कंटाळा आला.

सोमवार, १६ मार्च

एका आठवड्यात एकोणीस घरं. आम्हाला तीन महिन्यांत जमली नव्हती.

एकोणीस पत्रकं — आणि 'घरात काय दिसलं' हा रकाना एकोणीस वेळा कोरा. पत्रक मीच आखलंय. त्या रकान्यासाठीच आखलंय.

"कोरी पत्रकं मी घरबसल्या देईन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याला वेगळा माणूस कशाला?"

प्लंबर म्हणाला, "मला नळासाठी आत घेतात. आतलं बाहेर नेलं, तर उद्या छत गळलं तरी दार उघडायचे नाहीत."

"हं," हं-हं म्हणाला.

मी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. रकाना भरायचा, नाहीतर थांबायचं. बोलताना आवाज चढला. उगाच.

मंगळवार, १७ मार्च

नवरा आजही उठला नाही. आठवा आठवडा. कामावर सगळ्यांना सांगून ठेवलंय की तो बाहेरगावी असतो.

बुधवार, १८ मार्च

खालच्या काकूंच्या छतातून पाणी. त्यांनी परस्पर प्लंबरला बोलावलं. आमची किल्ली त्यांच्याकडे असतेच. आमची इमारतही त्याच्याच यादीत. हे माझ्या लक्षात कसं आलं नव्हतं?

काकूंचा फोन आला तशी धावत घरी गेले. न्हाणीघराची वाट आतल्या खोलीतून. पडदे ओढलेले, उशाशी तीन दिवसांचे कप, नवरा भिंतीकडे तोंड करून. प्लंबर दुसऱ्या भिंतीवर बोटाने ठोकून पाहत होता.

"कोपऱ्यातून गेलाय वाटतं पाइप," स्वतःशीच पुटपुटला.

पलंगावरून आवाज आला. "कोपऱ्यातून नाही. तुळईखालून वळवलाय. दोन फूट डावीकडे फोडा."

आठवड्यातलं पहिलं सबंध वाक्य. त्याची कचेरी कायमची बंद पडेपर्यंत नवरा इमारतींचे नकाशे काढायचा.

दोन फूट डावीकडे पाइप होता. नवऱ्याने तोंड मात्र वळवलं नाही.

जिन्यापर्यंत प्लंबरच्या मागे गेले. "शुक्रवारी…" म्हटलं.

"सिमेंट ओलं आहे, ताई. आज नळ सोडू नका."

गुरुवार, १९ मार्च

हं-हं माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसतो. त्याला सांगायचं फक्त. घराघरात जाऊन मीच म्हणते — मदत मागायला लाज कसली?

कसली ते कळलं. दिवसभर पत्रकं लावत बसले.

शुक्रवार, २० मार्च

डॉक्टरबाईंनी पत्रकं मोठ्याने वाचायला घेतली. कोरं. कोरं. कोरं. मग थांबल्या.

"दुसरा मजला, डावीकडचं घर. अहो, हे तर तुमचंच! आणि इथे लिहिलंय चक्क."

हातातला पेला खाली ठेवला.

"'घरात काय दिसलं — पाइप गळत होता. बदलला.'"

सगळे हसले. नर्स म्हणाली, "ताईंच्या घरचं तरी त्याला दिसलं बाई." प्लंबर नखातलं सिमेंट काढत बसला होता. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मुदत संपली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काय करायचं याचं?"

"राहू दे. तो रकानाच काढून टाकू."

"तुम्हीच तर तो घातलात. आता कारण?"

"दमलेय," म्हटलं. खोटं नव्हतं. पण तेवढंच कारण नव्हतं, हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं.

घरी आले. आतल्या खोलीतले कप उचलले. नवरा जागा होता. दार लोटून घेतलं.

शनिवार, २१ मार्च

सकाळी आठला बेल. प्लंबर. मला ओलांडून आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दादा, मागच्या इमारतीत तीन ठिकाणी भिंत फोडली. पाइप सापडेना. जरा चला."

पलंग करकरला. मग, "दाढी वाढलीये."

"पाइपाला कुठे दिसतंय?"

नवरा शर्ट घालून बाहेर आला. दोघे जिना उतरले. नवऱ्याचा चष्मा राहिला होता. तो घ्यायला परत वर आला, आणि पुन्हा खाली गेला.