दाराआडची शिडी

आई, आज दुकानात एका बाईंवर ओरडले. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस तेवढ्याच वयाच्या असतील. पळसदरीहून सुनेबरोबर आल्या होत्या. सून शिड्या बघत होती आणि मी दाखवत होते. कर्जतच्या या हार्डवेअरच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर ते बोलणं तोंडातून आपोआप येतं. घरच्या कामाला घडीची घ्या, वर उभं राहायला फळी आणि धरायला दांडा असलेली. भिंतीला टेकवायची सरळ शिडी रंगाऱ्यांना ठीक. सरकवून लांब होणारी घेतलीत तर दोन्हीकडचे खटके बसल्याशिवाय पाय ठेवू नका. आणि लाईटचं काम असेल तर ॲल्युमिनियम नकोच, फायबरची न्या. सून मन लावून ऐकत होती. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "कशाला गं खर्च? मी पिंपावर चढते की." माझं डोकंच फिरलं. "चढा, चढा! पडल्यावर मग सून बसेल उशाशी. तिला दुसरं काम काय आहे?" सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं.

तुझी शिडी निवडली तेव्हा मी या दुकानात नवीन होते. प्रत्येक शिडीवर स्वतः चढून पाहिलं होतं. पायऱ्या रुंद, त्यांवर खाचा, पायांना रबरी बूट, आणि तरी तू एका हातानं उचलशील इतकी हलकी. कशेळ्याला जाणाऱ्या जीपच्या टपावर बांधून गावी आणली. तू ती अंगणात उघडतेस, मिटतेस, पुन्हा उघडतेस. "चांदीवानी हाय गं," म्हणतेस, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून दाराआड उभी करतेस.

मग ती गावभर फिरू लागली. जयंतीच्या आधी विहाराला रंग दिला तो तिच्यावर चढूनच. कुणी मागायला आलं की तू आधी विचारायचीस, "कशाला पायजे रं? लाईटच्या कामाला नाय मिळायची. करंट उतरतो तिच्यातनं, माज्या लेकीनं सांगितलंय." परत आली की ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचीस. माझा शब्द न शब्द साऱ्या गावाला पाठ करायला लावलास. आणि स्वतः? माळ्यावरचा फेण्यांचा डबा काढायला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढलीस.

दवाखान्यात तुझ्या खाटेशी बसून मी विचारलं, "शिडी होती ना गं घरात?"

"एवढ्याशा कामाला ती कुटं काढायची?"

"काढायलाच आणली होती."

"चरे पडतात तिला," तू म्हणालीस.

खुब्याचं हाड मोडलेलं, आणि तुला चऱ्यांची काळजी! आजारी माणसाशी कोण भांडतं, म्हणून मी गप्प बसले. बरी होऊन घरी आलीस की चांगली भांडणार होते. काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. तू अंथरुणातून उठलीच नाहीस. तुझं सगळं आवरून झालं, पण ते भांडण तेवढं माझ्याकडे राहिलं. आता ते गिऱ्हाइकांवर निघतं.

आजची सून भडकलीच. "ताई, सासूबाईंशी असं बोलायचं नाही हं." पण त्या बाईंनीच तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"कोन पडलं गं तुजं?"

"आई."

"घरात शिडी नव्हती?"

"नव्हती," मी म्हणाले.

त्यांनी शिडी घेतली. टेंपोत चढवण्याआधी तिच्यावरचं प्लॅस्टिक मी ओरबाडून काढलं. पडू देत चरे.

आजच नाही, आई, विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. नव्हती म्हटलं की लोक हळहळतात. होती म्हटलं तर तुला वेडी म्हणतील, आणि तुला वेडी म्हणायचा हक्क मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. तू असतीस तर हे खोटं मी तुझ्या कानावर पडूच दिलं नसतं. खोटं बोललेलं तुला कधी खपलं नाही.