बँकेच्या बाजूचं भाषण

अब्बा, तुमची मासे साफ करायची सुरी अजून माझ्याकडे आहे. आखातात, अल कुसैसच्या घरात शुक्रवारच्या नमाजानंतर ओटा तुमच्या ताब्यात असायचा आणि फ्रिजला टेकून मी भाषणाची तालीम करायचे. नव्वदचं दशक, मी अकरावीत. वादविवादाचा विषय अमेरिकेची जुनी राष्ट्रीय बँक. तिची सनद पुढे चालू ठेवायला एका राष्ट्राध्यक्षाने नकार दिला, तो बरोबर होता का? मी अर्थातच त्याच्या बाजूने. कुणी निवडून न दिलेल्या मूठभर भागधारकांच्या हाती देशाचा पैसा कशासाठी? मी गरजतेय, तुम्ही सुरमईचे तुकडे करताय.

"छान. यल्ला, आता बँकेकडून बोल."

"नो वे, अब्बा. आय डोन्ट बिलीव्ह इन इट."

"विश्वास ठेव कोण म्हणतंय? तिकडे गावोगावच्या बँका आपापल्या नोटा छापतायत. एका राज्यातली नोट दुसऱ्या राज्यातला दुकानदार धड घेईना, राष्ट्रीय बँकेची तेवढी सगळीकडे चाले. त्या दुकानदाराला तुझा राष्ट्राध्यक्ष काय सांगणार?"

पटत नाही ते बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही, असं मी ठणकावलं. तुम्ही सुरी धुतलीत. "मोठं तत्त्व आहे हो बाईंचं. पण भाषण अर्धंच झालं."

स्पर्धा मी जिंकले. तुम्ही मात्र विसरला नाहीत. कॉलेजातून सुट्टीला आले की विमानतळावरच विचारायचात, "बँकवाल्या बाई आल्या का बरोबर?" शेवटी हॉस्पिटलात, नाकात नळी असतानाही, "आज तरी?" मी म्हटलं, "आधी घरी चला. मग बोलेन, इन्शाल्ला."

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. मी सभा गाजवते. लोकांच्या नावाने चालणारी आणि लोकांना उत्तर न देणारी सत्ता मला आजही सहन होत नाही. पण टाळ्या थांबल्या की मी समोरच्या रांगांत एक माणूस शोधते, जो टाळ्या न वाजवता पुढचं विचारेल.

गेल्या शुक्रवारी सुरमई आणली. ओट्यापाशी उभी राहून बँकेकडून बोलले, त्या दुकानदारापासून सुरुवात करून शेवटपर्यंत. मत बदललं नाही. बोलून झाल्यावर मात्र बराच वेळ तशीच उभी होते, तुम्ही काहीतरी विचाराल म्हणून.

अब्बा, तेव्हा तत्त्वाचं काही नव्हतं. लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकातलं बँकेच्या बाजूचं प्रकरण मी उघडलंच नव्हतं. मला बोलता येत नव्हतं, एवढंच.