शीटच्या कोपऱ्यातलं भोक

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा प्लास्टिक! पारदर्शक शीट, वर्तमानपत्राच्या पानाएवढ्या, गठ्ठेच्या गठ्ठे. आणि प्रत्येक शीटच्या एका कोपऱ्यात बारीक भोक. त्या भोकाने डोकं उठवलंय. आमच्या जकातीचा नियम सरळ आहे – नुसती चौकोनी कापलेली असेल तर ती ‘शीट’. भोक पाडलं, कडा घासली, गोल कापली, की झाली ‘वस्तू’. वस्तूला कर जवळजवळ दुप्पट. आयातदाराचे एजंट, चष्मेवाले काका, म्हणतात की गठ्ठा बांधताना तार ओवली होती, तिचं भोक आहे ते. शीटच्या कामाचं नाही.

उरलेला माल त्याच जहाजाने पुढच्या बंदराला गेलाय, असंही म्हणाले. पुढचं बंदर! म्हणजे हीच शीट उद्या-परवा माझ्या नवऱ्याच्या टेबलावर असणार. तो हातात धरणार, उजेडात बघणार. शीटचा हेवा वाटला, काय सांगू.

बुधवार, ५ मार्च

नवऱ्याचा इकडच्या बदलीचा अर्ज परत. ‘जागा रिकामी नाही.’ सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लेकाची रजई उन्हात टाकली होती, ती घडी करून आत ठेवली.

शुक्रवार, ७ मार्च

जेवणाच्या सुट्टीत साहेब रंगात आले होते. त्यांच्या तरुणपणी म्हणे एकाच मालाला दोन बंदरांनी दोन वेगळी नावं दिली. मुख्यालयाने दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना समोरासमोर बोलावलं. सुनावणी आठवडाभर चालली! राहायला सरकारी विश्रामगृह. दिवसा भांडायचं आणि संध्याकाळी दोघांनी मिळून गाव बघायचं. सगळे हसले. माझा घास हातातच राहिला.

शनिवार, ८ मार्च

तो ‘शीट’ लिहिणार. डोळे मिटून सांगते. घरात चित्र टांगताना फूटपट्टी घेऊन खुर्चीवर चढणारा माणूस! नियमाच्या रेषेबाहेर त्याचा पाय पडायचा नाही.

मग मी फक्त ‘वस्तू’ लिहायचं. एक शब्द. आठवडाभर एका गावात राहू! सुनावणीत तो माझ्याकडे बघून चिडेल, कान लाल होतील. ते लाल कान बघायचेत मला. तो पायऱ्या चढतो तेव्हाचा आवाज ऐकायचाय. फोनवरचा माणूस पुरत नाही. पुरत नाही म्हणजे नाही! सगळा प्रवासच दीड दिवसाचा, शनिवार-रविवारात जाऊन येणं होत नाही, आणि आमच्या रजा कधी जुळत नाहीत.

वेडी झालेय का मी?

सोमवार, १० मार्च

गोदामात जाऊन गठ्ठे सोडवून घेतले. भोकाच्या कडेला गंज. एका गठ्ठ्यात ते डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, तिसऱ्यात तर जवळजवळ कडेवरच. कामासाठी पाडलेलं भोक असं हिंडत नाही. तारेचंच.

काका शेजारी उभे होते. माल फोटोच्या चौकटी करणाऱ्या एका बाईंचा आहे, कारखाना छोटा, कर वाढला तर बसेल, एवढंच म्हणाले. ते नसते म्हणाले तर बरं झालं असतं.

‘शीट’ लिहिलं. सही केली आणि स्वतःचाच राग आला.

मंगळवार, ११ मार्च

फोनवर आम्ही कामाचं बोलत नाही. आज त्यानेच काढलं. त्या शीटचं काय लिहिलंस म्हणाला. मी सांगितलं.

“नक्की ना? आता फिरवणार नाहीस?”

मी तडकलेच! इतक्या वर्षांत माझं एक तरी वर्गीकरण फिरलंय का, म्हटलं. नाही नाही, सहज विचारलं, म्हणाला, आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी करत बसला.

रविवार, १६ मार्च

सुट्टी. दिवस खायला उठला.

सोमवार, १७ मार्च

साहेबांनी बोलावलं. पुढच्या बंदराने त्याच मालाला ‘वस्तू’ ठरवलंय. खाली माझ्या नवऱ्याची सही! मग एकदम आनंद झाला – मुख्यालय! आठवडा! तोंड लपवायला खिडकीकडे वळले. साहेब शांतपणे म्हणाले की नवरा-बायको समोरासमोर चालायचे नाहीत. माझ्या जागी ते स्वतः जाणार, तिकडूनही दुसरं कुणीतरी येणार.

संध्याकाळी त्याला फोन केला आणि वाट्टेल ते बोलले. तिथे त्या बाईंचा अर्धा माल अडकलाय, गंज दिसला नाही का, डोळे फुटले होते का!

“दिसला,” तो म्हणाला. “तू ‘वस्तू’ लिहिलं असतंस तर मी ‘शीट’ लिहिलं असतं. मला फक्त तुझ्या उलट लिहायचं होतं.”

पुढे म्हणाला, उद्या सकाळी चूक कबूल करून माल सोडतो. ठपका बसेल, बसू दे.

मंगळवार, १८ मार्च

त्याने माल सोडला. लेखी खुलासा मागितलाय त्याच्याकडे.

रजा मागितली. वर्षअखेर आहे, मिळणार नाही, असं साहेब म्हणाले.

तिकीट काढलं.