बोळक्याच्या फोटोची नक्कल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे निम्माच वाकलो, उरलेला भेटीत). तुझे गुडघे काय म्हणतात? माझे नवे दात मजेत आहेत, पेल्यात.

त्या दातांवरूनच घरात रामायण घडलं. सूनबाईने आम्हा नवराबायकोचा फोटो काढला तो नेमका कवळी माझ्या हातात आणि तोंडाचं बोळकं उघडं असताना, आणि टाकला घरच्या ग्रुपवर. तिथवर तक्रार नव्हती. घरच्यांनी मला याहून वाईट अवस्थेत पाहिलंय. पण व्याह्यांनी तो त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर ढकलला, तिथून तो कुणाच्या तरी मेव्हण्याच्या फेसबुकवर चढला, आणि काल दुकानात एक अनोळखी गिऱ्हाईक बिघडलेलं कुलूप दाखवायच्या आधीच म्हणालं, "काका, जरा हसा ना!"

मी पेटलो. सगळा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला, म्हटलं यालाही कुलूपच. दिसेल तिथे पासवर्ड घातला, खातं खासगी केलं, एकेकाला ग्रुपबाहेर काढलं. (सुनेलाही. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, मी घरातच आहे!") फोटो मात्र गावभर मोकाट. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. दार कुणी फोडलंच नव्हतं गं! ज्यांच्या हाती आपणहून किल्ली दिली त्यांनीच नकला काढल्या, आणि मी बसलोय कड्या घालत.

दुकानात कुणी किल्लीची नक्कल मागितली की मी आधी विचारतो, कोणासाठी? (लोक चिडतात. चिडोत.) फोटोलाही तेच लागू. खासगी म्हणजे लपवलेलं नव्हे. ज्याला दिलं त्याच्यापाशीच राहिलेलं, ते खासगी. एका ग्रुपवरचं दुसरीकडे न्यायचं, तर ज्याचं तोंड त्याला विचारा. हा नियम मी सगळ्यांना फोनवरून ऐकवला. व्याही म्हणाले, "अहो, कौतुकानेच पाठवला!" म्हटलं, उद्या कौतुकाने माझ्या घराची किल्लीही वाटाल. त्यांनी पुसला. त्या फेसबुकवाल्या मेव्हण्याच्या घरी तर ठाण मांडून बसलो, पुसल्यावरच उठलो. सूनबाईने पुसला, मीही पुसला. राहिलीस तू. तू फोनमधलं काही पुसत नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून कागदावर लिहितोय. या बाबतीत आता माघार नाही.

तुझा हट्टी धाकटा

ता. क. या पत्राचा फोटो काढून कुणाला पाठवू नकोस.

आणखी एक ता. क. पुसला नसशील तर थांब! फोटोत माझ्या शेजारी हिला पाहिलंस? माझ्या बोळक्याकडे बघून पोट धरून हसतेय. एरवी कुठल्याही फोटोत ही पासपोर्टसाठी आल्यासारखी उभी. हसतानाचा तेवढा एकच, आणि तो मीच दारोदार हिंडून पुसून आलो. एक नक्कल पाठव. कोणासाठी म्हणशील, तर दुकानातल्या गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवायला. हिला रीतसर विचारलंय. "घ्या," म्हणाली, "पण कुलूप नीट लावा."