१ जूनला मी जन्मलेलो नाही

भोसरी,
वैशाखातला मंगळवार

तीर्थस्वरूप अंबुआक्काच्या पायांशी धाकट्या भावाचा, ज्योतीरामचा, दंडवत. (स्वरूपा, तू आक्काची नातसून, म्हणून वाचायचं काम तुझ्याकडे. उजव्या कानाशी बसून मोठ्यानं वाच. डाव्या कानाशी वाचलंस तर ती नुसती हसते आणि आपल्याला वाटतं कळलं.) इकडे गुडघे सोडून सगळं खुशाल. तिकडे मंचरला तुझी तब्येत कशी आहे ते खरं कळव. फोनवर विचारलं की तू "बरं हाय" म्हणतेस आणि मागून तुझा नातू सिद्धेश भलतंच काहीतरी बोलत असतो, म्हणून हे पत्र.

आक्का, इथं माझा वाढदिवस करायचा घाट घातलाय आणि मी तो होऊ देणार नाही. माझा जन्म डोळ्यांनी पाहिलेलं आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, तेव्हा गाऱ्हाणं तुझ्यापुढेच घालतो.

आमच्या आळीतला रोहिदास यंदा महापालिकेत जायचं म्हणतोय. त्याच्या डोक्यात आलं की लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, काळात जन्मलेल्या वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचा एकगठ्ठा वाढदिवस करायचा, १ जूनला, चौकात मांडव घालून. १ जूनलाच का, तर आम्हा सगळ्यांच्या आधारकार्डावर तीच तारीख आहे. असणारच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी बापाला विचारलं, पोरगं कधीचं? बाप म्हणाला, लढाईतलं. मास्तरांनी लिहिलं १ जून. पुढचा बाप आला, त्याचंही लढाईतलं, त्यालाही १ जून. त्या हिशेबानं त्या दिवशी भोसरीत एकही सुईण घरी जेवली नसेल.

यात सगळ्यांत वाईट म्हणजे बबनराव. (स्वरूपा, तुला माहीत नसेल. मी क्लॅरिनेट वाजवायचो, तो ट्रम्पेट. माझा बँड वेगळा, त्याचा वेगळा. चाकणपर्यंत एक लग्न असं नव्हतं की ज्यात आम्ही एकमेकांची सुपारी पळवली नाही.) त्याचं नावही त्याच मास्तरांनी, त्याच दिवशी घातलं, त्यामुळे सरकारदरबारी मी आणि बबन जुळे आहोत. जन्मभर ज्याच्याबरोबर एका वरातीत वाजवलं नाही, त्याच्याबरोबर आता एका केकवर फोटो! बबनच्या तोंडावरून सुरी फिरवायला माझी हरकत नव्हती, पण शेजारी मीही छापलेला असणार.

वर आमच्या जन्मकथा माइकवर सांगायच्या म्हणून निवेदक पाठवला. चांगला शिकलेला मुलगा, पायांतल्या चपला काढून बसला. त्याला मी खरं ते सांगितलं. पहिलटकरीण माहेरी जाते, पण आई प्रत्येक खेपेला पुनावळ्यालाच गेली. मी दिवेलागणीला झालो, पण दिवा लागला नाही, कारण लढाईपायी रॉकेल मिळत नव्हतं. मी रडेना. सुईण म्हणाली, कुणीतरी ताट वाजवा गं. सगळ्या बायका आईपाशी गुंतलेल्या, तेव्हा परकरातली तू पितळी थाळी घेऊन अंधारात बडवत बसलीस, मी भोकाड पसरेपर्यंत. माझा पहिला उस्ताद तू. पोरगा म्हणाला, आजोबा, छान आहे, पण युद्ध कुठंय यात? आता काय सांगणार! रॉकेल नव्हतं तेच आमचं युद्ध.

दोन दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. मी क्लॅरिनेट धरून उभा आणि माझ्या मागं रणगाडे, डोक्यावर विमानं. खाली "तोफांच्या गडगडाटात जन्मलेला सूर". पुनावळ्यात तोफ! तिथं कधी बैलाचं जू मोडलं तरी गाव गोळा व्हायचं.

मी रोहिदासला म्हणालो, तारीख खोटी आहे, मी येणार नाही. तो म्हणाला, "बँडमास्तर, सरकारी कागदावर हाय ना? मग झालं की." झालं कसं? मी इतकी वर्षं लोकांच्या लग्नात वाजवलं, त्यांचे मुहूर्त मिनिटावर सांभाळले, आणि माझाच दिवस कुणीही येऊन ठरवणार?

मग पुरावा काढायला पुनावळ्याला गेलो. आजोळचं घर होतं तिथं आता बावीस मजली इमारत आहे. वॉचमन विचारतो, कुणाकडं जायचंय, फ्लॅट नंबर? म्हटलं, कुणाकडं नाही, मी इथं जन्मलोय. तो म्हणाला, तरी फ्लॅट नंबर लागेल. मी बाहेरूनच अंदाज घेतला. आईची बाळंतिणीची खोली आता पोहण्याच्या तलावात आहे, तीही खोल बाजूला. मामांचा आबाजी भेटला. तो म्हणतो खळी चालू होती, मळणीचे दिवस. त्याची बायको म्हणते आंबे उतरवत होते. त्यांचं तिथंच भांडण लागलं आणि मला चहा न घेता निघावं लागलं.

परत आलो तो रागानं पेटलेलोच. चिकटवायला पिठाची खळ केली, पांढरा कागद घेतला, रंगाच्या डब्यावर चढलो आणि फ्लेक्सवरच्या १ जूनवर कागद डकवला. त्यावर लिहिलं, "खरी तारीख लवकरच जाहीर होईल." (लोकांना वाटलं निवडणुकीचं आहे. रोहिदासला सकाळपासून फोन.) डबा हलायला लागला तेव्हा खालून कुणीतरी धरला. पाहतो तर बबनराव. वाटलं, आता सोडतो हा डबा. पण मी उतरेपर्यंत त्यानं धरून ठेवला आणि म्हणाला, "तुझी आक्का हाय तवर इचारून घे, राव. माझं सांगणारं कुणी उरलं न्हाई. मी आता १ जूनचाच."

आक्का, माझा रागच गेला. म्हणजे १ जूनवरचा आहेच, बबनवरचा गेला.

तेव्हा मी चौकात जाणार नाही म्हणजे नाही. केक बिनअंड्याचा आहे, तरी जाणार नाही. मान देणाऱ्यांना माझा नमस्कार, पण मी १ जूनला जन्मलेलो नाही आणि मरेपर्यंत जन्मणार नाही.

लहानांना आशीर्वाद.
तुझा,
ज्योतीराम

ता. क. आक्का, खरं काम हे. तिथी सांग, नाहीतर खळी की आंबे एवढं तरी सांग. आठवत नसेल तर तू ठरव, मी ऐकेन. आणि त्या दिवशी मला ओवाळ. आपल्यात वाढदिवस कुणी केले? मला या वयापर्यंत कुणी त्यासाठी पाटावर बसवलेलं नाही. उठवत नसेल तर पडल्या पडल्या ओवाळ. ती पितळी थाळी तू सासरी नेली होतीस, अजून फडताळात असेल.

आणखी एक. बबनलाही एक दिवस दे. तू मोठी आहेस, तू सांगितलंस तर तो मानेल. फक्त माझ्यानंतरचा दे.

(स्वरूपा, हे मोठ्यानं वाचू नकोस. आत्ताच तुझा फोन येऊन गेला. डॉक्टर काय म्हणाले ते कळलं. मला एसटीची मनाई आहे आणि सिद्धेशला चाकणच्या कंपनीतून १ जूनचीच सुट्टी मिळतेय, तेव्हाच तो गाडी घेऊन मला मंचरला आणू शकतो, हेही कळलं. त्याला सांग, सकाळी लवकर ये. मागच्या सीटवर बबन बसेल. आणि आक्काला सांग, मास्तरांनी बरोबर लिहिलं होतं. मी १ जूनचाच आहे.)